झोक

चालताना झोक जायचा, म्हणून निवृत्त मास्तर गुरुपाद हत्तुरे पितात असं सगळी गल्ली म्हणू लागली. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण कुणाकुणाला सांगणार? शेवटी वैतागून त्यांनी मेंदूचा एमआरआय करून घेतला. तो नॉर्मल आला.

“आता तर लोकांना पुरावाच मिळाला,” ते डॉक्टरांवर चिडले.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाले, “बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे. त्यानं नसा कमजोर झाल्यात. इंजेक्शनं घ्या, बराच फरक पडेल.”

“हे जरा हिला मोठ्यानं सांगा.”

शेजारी बसलेल्या नागम्मा दुखावल्या. “मी कधी काही बोलले का?”

“बोलली नाहीस. मी झोपलो की तोंडाचा वास घ्यायचीस. मी जागाच असायचो.”