सेल मार

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथे खडी नेणारा जिव्याचा ट्रक भर दुपारी बोईसरला बंद पडला. बन्सी मिस्त्रीने स्टार्टर काढला, गोणपाटावर सुटा केला आणि त्यातलं आर्मेचर रॉकेलने धुवायला घेतलं. जिव्या चहा आणायला गेला.

काम उरकलं की ड्रायव्हरला गाडी चालू करायला सांगायचं, ही बन्सीची जुनी सवय. आर्मेचर पुसता पुसता तो तंद्रीतच ओरडला, "जिव्या, सेल मार!"

चूक लगेच लक्षात आली. स्टार्टर तर समोर सुटा पडला होता. तो स्वतःशीच हसला.

ट्रक घरघरला आणि सुरू झाला.

बन्सीने गोणपाटाकडे पाहिलं. आर्मेचर, ब्रश, स्प्रिंगा, सगळं तिथेच होतं.

"मिस्तरी, माजे गाडीत कोन बसलाय?"

मागे जिव्या उभा होता, दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन. "चावी तं माजे खिशात हाय."

बन्सी पुन्हा केबिनकडे वळला.

इंजिन बंद झालं. केबिनमधून जिव्याचाच आवाज आला, जरा घाबरलेला.

"मिस्तरी, तुमचे मागं कोन उबा हाय?"