गोदीबाईची लावणी

स्क्रीनवर 'पूर्ण झालं' असं आलं, तेव्हा रुचिताच्या लक्षात आलं की आपण भलतीच डिस्क पुसली.

मुरबाडच्या एका कॉलेजात भात लावणारा रोबो तयार होत होता. त्या प्रयोगशाळेतल्या सहा कॉम्प्युटरांवर लिनक्स बसवायचं काम रुचिताकडे होतं. पाच झाले होते. सहाव्यात दोन डिस्क होत्या. "मोठी आधी काढून ठेव, मग बसव," असं संशोधन करणाऱ्या माधुरी मॅडमनी दोनदा बजावलं होतं. पण शहापूरची साडेपाचची एसटी गाठायची होती. आता कोण खोलत बसणार, म्हणून रुचिताने तसाच पेनड्राइव्ह लावला आणि घाईत चुकीच्या ओळीवर क्लिक केलं.

मोठ्या डिस्कवर डोळखांबच्या गोदीबाईचे हात होते. तिच्यासारखी लावणी आसपासच्या पाड्यांत कुणाला जमत नसे. रोप किती बोटांत धरायचं, किती खोल रोवायचं, हे रोबोने तिच्याकडून शिकायचं होतं. 'परक्या माणसापुढं माझा हात चालत नाय,' म्हणून तिने मॅडमना शेतावर येऊ दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत सेन्सरचे हातमोजे आठवडाभर तिच्या घरीच होते. त्यांतली सगळी नोंद या एकाच डिस्कवर होती. आणि गोदीबाई गेल्या माघात वारली होती.

डेटा परत मिळवायचे प्रोग्रॅम रुचिताने दोन दिवस चालवून पाहिले. हाती तुकडे आले, त्यांतला एकही उघडेना.

"झालं का गं?" मॅडम विचारत.

"होतंय."

रुचिताचा डबा तसाच घरी परत जाई.

तिसऱ्या दिवशी मॅडमच्या बोलावण्यावरून गोदीबाईची सून मंगळी आली. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. रुचिताने तिला पाणी दिलं. मंगळी खुर्चीच्या कडेवर टेकली. पेला हातातच राहिला.

"सासूचं काम ह्यातच हाय ना, ताई?" तिने कॉम्प्युटरकडे बोट केलं. "बघून वळखता येतं का, कुनाचा हात हाय त्यो?"

सासूला शेवटचं बघायला आलीय बिचारी, असं रुचिताला वाटलं. तिला राहवेना.

"आता काहीच दिसणार नाही हो. माझ्या हातून पुसलं गेलं सगळं. तुमच्या सासूबाईंचं एवढंच राहिलं होतं, तेही मी घालवलं. मॅडमना अजून सांगितलंसुद्धा नाही. धीरच होत नाही."

बोलता बोलता तिला रडू फुटलं.

"म्हंजे, कायच नाय उरलं?" मंगळीने विचारलं.

"काहीच नाही."

मंगळी उठली आणि दार लोटून रुचिताच्या अगदी जवळ आली.

"रडू नको गो. तुझ्यापरीस माझं पाप जुनं हाय. त्या साली सासूला कमरेतून वाकताच येत नव्हतं. नाव एवढं मोठं, सांगायला लाजली. मला शपथ घातली, कुनाला बोलू नको म्हनून. ती निस्ती बांधावर बसून व्हती, ताई. मोजे घालून आठवडाभर लावणी केली ती मी."