गोंडेवाली टोपी

कोरियाची राजधानी हानयांगच्या वाटेवरल्या खिंडीत एक माणूस आडवा पडून कण्हत होता. त्याच्या बांबूच्या टोपीवर कापसाचे दोन गोंडे होते, म्हणजे फेरीवाल्यांच्या संघातलाच. “पुढं चल, दादा,” मानसोकच्या सोबतीचा तोक्सू कुजबुजला. “इथं लुटारू असतात.” “गोंडेवाला वाटेत सोडला, तर संघ आपल्याला चटईत गुंडाळून बडवेल. आणि उद्या मी पडलो, तर असाच शेपूट घालून पळशील?” असं म्हणत म्हाताऱ्या मानसोकनं पाठीवरचं मिठाचं ओझं उतरवलं, काठी खाली ठेवली आणि पाणी पाजायला त्याला उचललं. खांद्याला हात लागताच तो थबकला. ओझ्याच्या पट्ट्यांनी फेरीवाल्याच्या खांद्याला घट्टे पडतात. हा खांदा उकडीसारखा मऊ होता. मागं झुडपं हलली. डोक्यात दांडका बसून तोक्सू धाडकन कोसळला. कण्हणारा उठून बसला. त्यानं मानसोकची टोपी अलगद उतरवून घेतली, गोंड्यांवरची धूळ फुंकली. “टोपी पाहिली की तुम्ही सगळेच थांबता, दादा.”