सगळ्या फाइल्सची परवानगी

"संध्याकाळपर्यंत ते बटण साइटवर दिसलं नाही, तर काम दुसऱ्याकडे आणि तू घरी!" मालकांनी बजावलं.

साइट बनवणारी ती जागची हलली नाही. कंपनी फोटोंचे अल्बम छापून द्यायची. लोकांचे फोटो क्लाउडवर. ते आधी उतरवून घ्या, मग साइटवर चढवा, या द्राविडी प्राणायामाला कंटाळून निम्मं गिऱ्हाईक अर्ध्यातच पळून जाई. म्हणून क्लाउडवरून थेट फोटो घेणारं बटण हवं होतं. तिने ते केलंही होतं. घोडं अडलं होतं परवानगीवर. माणूस निवडेल तेवढेच फोटो मागायचे, तर आणखी दोन दिवसांचं काम. त्याचं अख्खं खातंच मागायचं, तर बटण आत्ता तयार.

"अहो सर, चार फोटोंसाठी लोकांना सगळं घर उघडायला लावायचं?"

"झालं आजीबाईंचं सुरू!" फार जपून वागते म्हणून ऑफिसात तिला याच नावाने हाक मारत. "अगं, ते वाचतो कोण? लोक डोळे मिटून 'हो' दाबतात."

दाबतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची आई तशीच दाबायची. आईच्या खात्यात तपासण्यांचे रिपोर्ट होते, बँकेचे कागद होते, काय नव्हतं! आणि लेकीची कंपनी म्हणून ती अल्बम इथेच करणार होती. नोकरी गेली तर गेली, पण आपल्या हातून हे व्हायचं नाही.

"द्या खुशाल दुसऱ्याकडे," ती उठून उभी राहिली. "त्याआधी एकदा स्वतः वापरून बघा. या, बसा."

मालक हसत हसत तिच्या खुर्चीत बसले. खटाखट स्वतःच्या क्लाउड खात्याचा पासवर्ड टाकला. पडद्यावर प्रश्न उमटला: या साइटला तुमच्या सर्व फाइल्स पाहण्याची, बदलण्याची आणि पुसून टाकण्याची परवानगी द्यायची?

माउसवरचं बोट थबकलं. मालकांनी चष्मा पुसून प्रश्न पुन्हा वाचला. मग हळूच 'नाही' दाबलं.

"घे दोन दिवस," ते पुटपुटले.

"का हो सर? साइट तर आपलीच आहे ना?"

"अगं बाई, आपली आहे म्हणूनच तर!"