घामाची तपासणी

“हलू नकोस गं राणी, झालंच आता,” म्हणत सासूबाईंनी नातीला मांडीवर घट्ट धरलं. मुलीच्या हाताला पट्टी बांधली होती. पट्टीखाली घाम जमा होत होता आणि त्या घामातलं मीठ मोजायचं होतं. सुई नाही, रक्त नाही. तरी समोरच्या बाकावर बसलेली आई पट्टीवरची नजर काढत नव्हती.

खोकला मुलगी रांगायला लागायच्या आधीपासूनचा. आता ती शाळेत जायच्या वयाची झाली होती आणि शाळेनं तिला घरी बसवलं होतं. पहिल्या डॉक्टरांनी सर्दी म्हटलं. दुसऱ्यांनी अ‍ॅलर्जी. घरातले पडदे गेले, गादी बदलली, मांजर मावशीकडे गेलं. तिसऱ्यांनी दमा म्हणून पंप दिला. क्षयाची तपासणी झाली, क्षय निघाला नाही. सगळ्यांना हायसं वाटलं आणि मुलगी खोकतच राहिली. खायची पोटभर, पण अंगाला काही लागायचं नाही. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. मशीनच्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते जिन्यातूनच ओळखायचे. पोरीच्या छातीतल्या आवाजापुढे मात्र त्यांचं काही चालत नव्हतं.

“आईचं लक्ष असेल तर पोर सुधारेल ना,” सासूबाई म्हणायच्या. सुनेकडे न बघता म्हणायच्या.

सुनेला कळायचं. मुलीच्या आधी एक मुलगा झाला होता. थंडीच्या दिवसांत आईनं त्याला न्हाऊ घातलं, ओल्या डोक्यानंच झोपवलं, त्याला न्यूमोनिया झाला आणि दात यायच्या आधीच पोर हातचं गेलं. असं घरात ठरलं होतं. कुणी भांडलं नव्हतं. फक्त मुलगी झाली तेव्हा तिची अंघोळ सासूबाईंनी आपल्याकडे घेतली, ती कायमची. आईनं हरकत घेतली नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र वेगळंच विचारलं होतं. “हिचा पापा घेतला की खारट लागतं का?”

“लागतं,” आई म्हणाली होती. “मला वाटायचं, सगळीच मुलं तशी लागतात.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. ही तपासणी त्यांनी त्याच वेळी लिहून दिली.

दुपारी चौघांना आत बोलावलं. निदान झालं होतं. सिस्टिक फायब्रोसिस. डॉक्टरीणबाईंनी नाव दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कुणालाच ते धरता आलं नाही.

“छातीतला कफ गोंदासारखा चिकट होतो. सुटत नाही, आतच सडतो. अन्नही नीट पचत नाही, म्हणून वजन वाढत नाही.”

“मग औषध चालू करू या,” बाबा म्हणाले.

“करू. पण यातून ती पूर्ण बरी होईल असं औषध आज माझ्याकडे नाही. रोज पाठ थोपटून कफ काढायचा, जेवणाबरोबर गोळ्या द्यायच्या, फुप्फुसं जपायची. नवी औषधं आलीत, पण हिला ती लागू पडतील की नाही, इथे मिळतील की नाही, मला सांगता येत नाही. आणि उशीर झालाय. उजव्या बाजूचं बरंच नुकसान झालंय.”

बाबांनी किती वर्षं, असं विचारायला तोंड उघडलं आणि आजीच्या मांडीवरच्या मुलीकडे बघून मिटलं.

“हे जन्मापासूनच असतं,” डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. “आईकडून अर्धं, वडिलांकडून अर्धं. दोघांना स्वतःला काही त्रास नसतो, त्यामुळे कळतही नाही. हिच्याआधी एखादं मूल?”

“एक मुलगा होता,” बाबा म्हणाले. “गेला. न्यूमोनियानं.”

“त्याचं वजन वाढत होतं? अंग खारट लागायचं?”

बाबांना आठवेना.

“वाढत नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि लागायचं खारट. कपाळ तर मिठात बुडवून काढल्यासारखं.”

“मग तोही यातच गेला असणार.”

सासूबाई जरा पुढे सरकल्या. “थंडी बाधून होत नाही हे?”

“नाही, आजी.”

“डोकं ओलं राहिलं म्हणून?”

“नाही हो.”

“म्हणजे कुणी कितीही जपलं असतं, तरी?”

“तरी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आजी नातीबद्दल विचारताहेत. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आईला मात्र कळलं. तिला वाटलं, आता रडू येईल, छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. समोर पोर खोकत होती.

बाबा गोळ्या आणायला खाली गेले. तिघी बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलीचा खोकला जरा थांबला, तशी तिनं विचारलं, “आपल्याकडे मुलगा कधी होता?”

आईनं सवयीनं सासूबाईंकडे बघितलं. घरात त्याच्याबद्दल काही बोलायचं असलं तर सासूबाईच बोलायच्या.

सासूबाईंनी नातीला मांडीवरून उचललं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं.

“तू सांग,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मीच सांगत आले, पण मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.”