मिलिंदचा पंप

धाकट्या भावाच्या, मिलिंदच्या होडीवर टाकीतली गळाला लावायची कोळंबी दुपारपर्यंत उड्या मारायची. दिगंबरच्या टाकीतली मात्र बंदर सुटताच पांढरी पडायची, आणि मेलेल्या कोळंबीला तांबोशी मासा तोंड लावत नाही. मिलिंद भरल्या होडीने परतला की दिगंबरच्या पोटात दुखायचं.

ही सगळी करामत टाकीत समुद्राचं ताजं पाणी खेळवणाऱ्या मिलिंदच्या पंपाची, असं त्याच्या मनाने घेतलं. अखेर त्याने मालवणातून अगदी तोच पंप आणून बसवला. सुरुवातीला कोळंबी जगली, मग पुन्हा मरू लागली.

एका संध्याकाळी तो तणतणत भावाच्या होडीकडे गेला. मिलिंदने पंप खोलला होता आणि त्याची बायको सुचिता पंपाच्या तोंडावरची जाळी जुन्या ब्रशाने घासत होती. दोघं कशावरून तरी हसत होती.

"दादानू, पंप चांगलोच आसा," मिलिंद म्हणाला. "पण जाळयेत शेवाळ धरता. ता रोज काढूचा लागता, नायतर पाणी येणा नाय. माझ्या ध्यानात रवत नाय, हीच काढता."

दिगंबर घरी आला. पंपाचा हेवा तिथेच सरला होता, आता त्या हसण्याचा वाटत होता. जेवताना त्याने बायकोला हळूच विचारलं, "उद्या होडयेर येतलंस?"

शालनने त्याच्या ताटात भात वाढला.

"लगीन झाला तेवा मीच इचारलंय, होडयेर येव काय," ती म्हणाली. "तुमी म्हणालास, होडयेर बायलेचा काय काम?" मग तिने पातेलं जवळ ओढलं. "आमटी वाढू?"