फळ्यांत मुरलेला आवाज

जुनी होडी घ्यायची तर आधी तिला ऐकायचं, अशी आता बंदरावर रीतच पडली होती. यंत्र लावलं की फळ्यांत मुरलेले सगळे आवाज पुन्हा ऐकू येत. धर्माजी तांडेलांच्या होडीतून मात्र बाईचा आक्रोश येई. बुडणाऱ्या बाईचं रडणं पुरतं ऐकणं अपशकुनी, म्हणून गिऱ्हाईक तिथेच यंत्र काढी आणि हात जोडून परत फिरे.

चांगुणाला स्वतःची होडी हवी होती, आणि परवडणारी ही एकच होती.

आक्रोश सुरू झाला तसा सोबत आलेला दीर म्हणाला, "वहिनी, काढा ते. आज उपास ना तुमचा? असलं अभद्र कशाला ऐकता?"

"थांबा भाऊजी. तीन बाळंतपणं झालीत माझी. ही बुडत नाहीये, कळा देतेय."

आवाज टिपेला गेला आणि थांबला. मग लाटांच्या आवाजात एक कोवळं रडं उमटलं, आणि कुणी पुरुष हसतरडत म्हणाला, "पोरगी झाली हो. वल्हवा आता सावकाश."

धर्माजींनी पुढे होऊन आपल्या होडीच्या फळीवर हात ठेवला.

चांगुणाने होडीला हळदकुंकू लावलं. "अपशकुनी म्हणता हिला? निघाली त्याहून एक माणूस जास्त घेऊन परतलीय ही."

आणि देवाचं नाव घेऊन ती सुकाणूपाशी, होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या जागी जाऊन बसली.